नऊ नंबरचं रान

१

मोजणीदारांच्या घरी वर्षातून एक रविवार असा यायचा, की दुपारी दोन ते चार जेवणाच्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही. त्या दोन तासांत मोजणीदार जंगल मोजायचे.

अख्खं जंगल नव्हे, त्यातला नऊ नंबरचा तुकडा. वरच्या उतारावर एकशे चाळीस झाडं, प्रत्येकाच्या खोडावर पत्र्याचा नंबर ठोकलेला. नियम असा, की दर वर्षी दोघांनी तिथे चढून जायचं. एकानं फॉर्म भरायचा, दुसऱ्यानं टेपचं टोक धरायचं. छातीच्या उंचीवर खोडाला टेप गुंडाळायची, घेर वाचायचा, लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे वळायचं. या एका तुकड्याच्या आकड्यांवरून साऱ्या जंगलाचा कारभार चालायचा. कुठलं झाड तोडायचं, कुठलं ठेवायचं, खालचं किती साफ करायचं, सगळं त्यावरून ठरायचं.

मोजणीदार टेबलाशी बसून मोजत. गेल्या वर्षीचा फॉर्म डाव्या हाताला, कोरा उजव्या हाताला, मध्ये चहाचा कप. जुन्या आकड्यात दोन सेंटिमीटर मिळवायचे. एखाद्यात दीड, एखाद्यात अडीच, म्हणजे बघणाऱ्याला खरं वाटतं. 'प्रकृती'च्या रकान्यात सगळ्यांना 'उत्तम'. खालच्या अंगाला आणखी सहा रकाने असत: रोपं, झुडपं, पाखरं, किडामुंगी, अळंबी, पडलेलं लाकूड. ते वर कुणी वाचत नसे, त्यामुळे खाली कुणी भरत नसे. मोजणीदार तिथे सहा आडव्या रेघा मारत, त्याही पट्टी लावून. गबाळं काम त्यांना खपत नसे.

माणूस काही लबाड नव्हता. अकरा वर्षांपूर्वी ओढ्यावरचा पूल वाहून गेला, गुडघाही दुखत होता, म्हणून एवढं एक वर्ष घरी भरू असं ठरलं. त्या फॉर्मवर वरून शाबासकी आली: वाढ चांगली आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो म्हणतात. इथे मोजणीदार सोकावले. दुसऱ्या वर्षी तर घाईत सत्त्याऐंशी नंबरच्या झाडाचा घेर ११६ च्या जागी १६१ लिहिला गेला. लक्षात आलं तेव्हा फॉर्म वर पोचला होता. झाड आखडलं असं थोडंच लिहिता येतं? मग त्यातच दर वर्षी भर घालत गेले.

टेपचं टोक धरायला त्यांचा जोडीदार होता. काडीसारखा बारीक, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. चढ वाचला म्हणून तोही खूश. दोन वर्षांपूर्वी तो छातीच्या दुखण्यानं गेला. पण फॉर्मला दोन माणसं लागतात, त्यामुळे 'टेप धरणार' या रकान्यात पैलवान त्यानंतरही हजर राहिला. त्याची त्याला हरकत असण्याचं कारण नव्हतं.

२

त्या रविवारी टेबल मोकळं झालं नाही, कारण लेक समोर जेवत बसली होती.

लेक याच खात्यात लागली होती, त्याला वर्ष होत आलं होतं. पंधराव्या वर्षी शिकायला म्हणून बाहेर गेली ती उन्हानं रापून, जंगलाचं शास्त्र शिकून आणि बापाशी वाद घालण्यात पटाईत होऊन परत आली. मधली वर्षं सुट्टीत चार-चार दिवस यायची. मोजणीदार तिला बघून "उंच झालीस" म्हणायचे आणि पेपर उघडायचे. बायको पंधरा दिवस भावाकडे गेली होती, वहिनीच्या बाळंतपणाला. त्यामुळे सध्या घरात दोघंच, आणि दोघांत बोलायला जंगलाशिवाय काही नाही.

"उद्या मी नऊ नंबर मोजायला जातेय," लेक म्हणाली.

मोजणीदारांचा घास तोंडातच राहिला. "ते माझ्याकडे आहे. आजच करायला घेणार होतो."

"आज? रविवारी?"

"म्हणजे कागदपत्रं."

"बाबा, सगळं रान उतरणीला लागलंय. दोन नंबरची झाडं शेंड्याकडून वाळतायत, पाच नंबरमध्ये माती दगडासारखी झालीय. आणि तुमचं नऊ नंबर मात्र दर वर्षी दोन सेंटिमीटर! त्या आकड्यांवर बोट ठेवून साहेब म्हणतात, साफसफाई मानवतेय जंगलाला. पोकळ झाडं काढा, वाळकी काढा, पडलेलं उचला."

"मग काय चुकलं? रोगट झाडं ठेवून त्यांचं लोणचं घालायचंय?"

"पोकळ झाडात दहा कुटुंबं राहतात, बाबा. घुबडं, खारी, मधमाश्या. पडलेलं खोड कुजतं त्याचीच माती होते. ते सगळं उचलून नेलं तर उभी झाडं खाणार काय, तुमचे आकडे?" तिनं हात धुतले आणि दारात थांबली. "तुम्ही नऊ नंबरात शेवटचे कधी गेलात?"

"हा काय प्रश्न झाला? दर वर्षी जातो."

हे त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं. ती खोलीत गेल्यावर त्यांना स्वतःची फार लाज वाटली. निवृत्तीला पाच महिने राहिले होते. नोकरीचं काय व्हायचं ते होवो, पण उद्या संध्याकाळी ही पोरगी आपल्याकडे कशा नजरेनं बघेल, हाच विचार त्यांना सोडेना.

मग त्यांनी सवयीनं जे येत होतं तेच केलं. टेबल पुसलं आणि या वर्षीचा फॉर्म भरला. मंगळवारी हळूच कचेरीच्या फाईलमध्ये लेकीच्या फॉर्मच्या जागी हा सरकवायचा, असा बेत. 'मोजणी करणार'मध्ये लेकीचं नाव घातलं, तिच्यासारखं अक्षर काढून. 'टेप धरणार'मध्ये हातानं आपोआप पैलवानाचं नाव लिहिलं. मोजणीदार चरकले, पण खाडाखोड केली असती तर सगळा फॉर्म नव्यानं लिहावा लागला असता. सत्त्याऐंशी नंबरला १७९. प्रकृती उत्तम. खाली सहा रेघा. शेवटी 'शेरा' होता, तिथेही एक रेघ. उठताना कपाचा धक्का लागून कोपऱ्यावर चहा सांडला, तो त्यांनी टिपला आणि फॉर्म ड्रॉवरमध्ये ठेवला.

३

सोमवारी सकाळी सहाला जीप आली आणि लेक गेली. मोजणीदारांनी रजा टाकली. दिवसभर घरात फेऱ्या मारल्या, कबुलीची तीन वेगवेगळी वाक्यं तयार केली आणि तिन्ही टाकून दिली.

संध्याकाळी साडेसहाला ते स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर लेक टेबलाशी बसलेली. जीपचा आवाज आला नव्हता, दाराचाही नाही.

"सगळं जुळलं, बाबा," ती म्हणाली.

"काय जुळलं?"

"एकशे चाळीसच्या एकशे चाळीस. एका मिलिमीटरचा फरक नाही. सत्त्याऐंशी एकशे एकोणऐंशी भरलं. तुमचं काम फार नेटकं आहे." तिनं फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. त्याच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता.

मोजणीदारांनी ड्रॉवर उघडून बघितला. रिकामा होता. त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. बुटांना मातीचा कणही नव्हता.

हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, निदान तेव्हा तसं वाटलं. पोरीला सकाळीच ड्रॉवरमधला फॉर्म सापडला. बापाची अकरा वर्षांची कर्मकथा तिला कळली आणि ती वर गेलीच नाही. दिवस कुठेतरी काढला आणि आता बापाची अब्रू झाकतेय. फॉर्म सरळ करत त्यांनी विचारलं, "टोक कुणी धरलं?"

"पैलवानकाकांनी."

हा टोमणा त्यांनी निमूट गिळला. तेवढा तिचा हक्कच होता.

सातला फोन वाजला. जीपचा ड्रायव्हर होता. "काका, ताई अजून खाली उतरल्या नाहीत. मी जंगलाच्या फाटकाशीच उभा आहे. अंधारायला आलंय, वर बघून येऊ का? माझा पाय अधू, पण दोन पोरं घेऊन जातो."

मोजणीदारांनी मागे वळून पाहिलं. लेक टेबलाशी बसली होती, दोन्ही हात टेबलावर ठेवून.

"अरे, ती घरी आली कधीच," ते म्हणाले.

"घरी? कशा आल्या? रस्ता एकच आहे, काका."

खरं सांगावं तर पोरीचं खोटं उघडं पडणार, आणि तिच्या खोट्यामागे त्यांचं. "ओढ्याकडून उतरली. पायवाट आहे तिथे. तू जा आता घरी."

"बघा हं. मग निघू ना मी?"

"निघ, निघ. कुणालाही वर पाठवू नकोस."

४

मंगळवार, बुधवार घरात भांडण झालं नाही. सकाळी पेपरवरून नाही, कपड्यांवरून नाही, साहेबांवरून नाही. मोजणीदारांनी मुद्दाम कुरापत काढली: "पाच नंबरमधलं पडकं लाकूड उचलायला मजूर लावलेत म्हणे. बरंच झालं."

"बरंच झालं," लेक म्हणाली.

"तुला चालेल?"

"हो, बाबा."

पोरगी बापाला ओशाळं करायचं नाही म्हणून जपून बोलतेय, असं त्यांनी स्वतःला समजावलं. कचेरीतून रजा घेतलीय, एवढंच ती म्हणाली होती. चहा त्यांनीच केला, दोघांच्यात दोन-दोन चमचे साखर घालून. तिनं कप रिकामा केला आणि "छान" म्हणाली. ओट्यावर साखर सांडली होती ती दुपारपर्यंत तशीच राहिली. या घरात साखरेचा एक दाणा पडला तर मुंग्यांची रांग लागायची. बायको त्यांच्यावरून रोज मोजणीदारांना बोलायची. बुधवारी त्यांनी ओट्याखाली वाकून बघितलं. मुंगी नव्हती. खिडकीच्या वरची पाल दिसली नाही. गॅलरीत कबुतरांनी वर्षानुवर्षं उच्छाद मांडला होता, तिथे आता नुसती काड्यांची गादी होती आणि तिच्यावर दोन अंडी, गार पडलेली. कुंडीतल्या मातीला चिरा गेल्या होत्या, पण झाड सरळ उभं होतं, पानं टवटवीत.

औषध मारलं असेल शेजाऱ्यांनी, मोजणीदार म्हणाले. म्हणाले, म्हणजे मोठ्यानं म्हणाले, कारण घरात इतकं शांत होतं की कुणीतरी बोलणं गरजेचं वाटलं.

संध्याकाळी बायकोचा फोन आला. बाळ, बाळाची आई, भावाचा खोकला, सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "आणि आमच्या बाईसाहेब? खातेय का नीट?"

"खातेय. चहासुद्धा मी करून देतो. दोन चमचे साखर घालून, फक्कड."

"साखर?" बायको हसली. "तुम्ही घातलीत आणि ती प्यायली? ती पाच वर्षं बिनसाखरेचा पिते. मागे मी चुकून अर्धा चमचा घातला तर सगळा कप मोरीत ओतला होता. तुमच्यावर बरीच माया दिसतेय! द्या तिच्याकडे."

मोजणीदारांनी वळून बघितलं. लेक टेबलाशी बसली होती, दोन्ही हात टेबलावर. त्यांना आठवेना, की सोमवारपासून ती तिथून कधी उठली होती. उठली असणारच. माणूस उठतोच.

"झोपलीये," ते म्हणाले.

"बरी आहे ना?"

"उत्तम," त्यांच्या तोंडून गेलं.

५

गुरुवारी सकाळी त्यांनी जंगलाच्या फाटकाशी ड्रायव्हरला गाठलं. तो जीप पुसत होता. मागच्या सीटवर लेकीची पिशवी पडली होती, तिच्यात पाण्याची बाटली आणि न उघडलेला डबा.

"सोमवारपासून इथेच आहे," ड्रायव्हर म्हणाला. "वर जाताना म्हणाल्या, दुपारी येते जेवायला."

"वर गेली होती ती? तू बघितलंस?"

"म्हणजे काय! मीच सोडलं ना. फाटकातून चढल्या तरातरा. एकट्या कशा मोजणार म्हणून मी विचारतच होतो, तर वळणावर झाडामागून कुणीतरी हात केला. ताई म्हणाल्या, चला, टोक धरायला माणूस आलाय."

"कोण होतं?"

"हातच दिसला, काका. फार बारीक हात होता."

मोजणीदार फाटकातून आत शिरले. गुडघा कुरकुरत होता. अकरा वर्षांनी ते या वाटेनं चालत होते आणि पहिल्या शंभर पावलांतच त्यांना कळलं की लेक खरं बोलत होती. पूर्वी इथे पायाखाली कुजक्या पानांची गादी असायची; आता जमीन अंगणासारखी झाडलेली आणि कडक. पोकळ झाडं होती तिथे बुंधे राहिले होते. जी ठेवली होती तीही शेंड्याकडून करपत आली होती. ओढ्यात दगड तेवढे उरले होते. कुठेतरी एक पाखरू अधूनमधून ओरडत होतं. हे सगळं आपल्या दोन-दोन सेंटिमीटरांनी केलं, असं त्यांच्या मनात आलं आणि ते खाली मान घालून चालत राहिले.

नऊ नंबरच्या पाटीशी ते पाखरूही थांबलं.

आत झाडं हिरवीगार होती. सरळ, गुळगुळीत, एका मापाची. एकाही खोडावर गाठ नाही, भोक नाही, खाली रोप नाही, गवत नाही, पान पडलेलं नाही. वारा होता, कारण शर्ट हलत होता. पण वर काही वाजत नव्हतं. मोजणीदारांनी पहिल्या झाडाला टेप गुंडाळली. त्यांनी रविवारी लिहिला होता तोच आकडा आला. दुसऱ्यालाही लिहिलेलाच. तिसऱ्याला त्यांनी टेप लावलीच नाही.

उघड्या मातीवर बुटांचे ठसे होते. लेकीचे बूट, टाचेला चंद्रकोर असलेले. ते आत जात होते. झाडामागून झाड, नंबरांच्या क्रमानं, प्रत्येक खोडाभोवती एक फेरी. बाहेर येणारा ठसा एकही नव्हता.

सत्त्याऐंशी नंबरचं झाड लांबूनच दिसलं. बाकीच्या झाडांत ते खोटं वाटावं इतकं जाड होतं. मोजणीदार त्याच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी लेकीला हाक मारली.

"एकशे चौतीस!" झाडाच्या पलीकडून आवाज आला. बसलेला, घोगरा, पण तिचाच. भांडखोर. "एकशे चौतीस आहे हे! लिहिलं का?"

मोजणीदार धावत पलीकडे गेले. तिथे कुणी नव्हतं. ठसे होते, आणि आवाज आता त्यांनी सोडलेल्या बाजूनं येत होता. "लिहिलं का? कुणीतरी लिहा! मला पुढचं घेता येत नाही!"

त्यांनी मनात हिशेब केला. ११६ अधिक एवढ्या वर्षांच्या वाढीचे अठरा. समोरचं झाड एकशे एकोणऐंशीचं होतं आणि ती खरं झाड मोजत होती. तिला फक्त लिहून घेणारा माणूस हवा होता. खिशात कोरा फॉर्म होता, पेन होतं. लिहायचं होतं एकच: सत्त्याऐंशी, एकशे चौतीस. मग पुढची सगळी झाडं, खरी. खाली सही, आणि त्या सहीबरोबर अकरा वर्षांच्या खोट्याची कबुली. मोजणीदारांनी पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात खोडाच्या कडेनं एक हात पुढे आला. काडीसारखा. छातीच्या उंचीवर, अगदी अचूक. चिमटीत टेपचं टोक होतं. हात थांबला, आणि त्यांनी ते टोक धरण्याची वाट बघत राहिला. जुना सहकारी जोडीदाराची बघतो तशी, निवांत.

मोजणीदार पळाले. गुडघा, उतार, वय, कशाचंही भान राहिलं नाही. पाटीपर्यंत तो घोगरा आवाज मागून येत होता. पाटी ओलांडल्यावर एकदम तुटला.

६

घरी पोचेतो चार वाजले. लेक टेबलाशी होती. तिच्यासमोर तो फॉर्म, चहाच्या डागाचा, आणि शेजारी पेन.

मोजणीदार तिच्यासमोर बसले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं. चेहरा लेकीचा होता. पण त्यात काही नव्हतं. पुसून ठेवलेल्या ताटासारखा. हनुवटीवर खोक असायला हवी होती. ती सहा वर्षांची असताना पायरीवर पडली होती, त्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं होतं, तीन टाके पडले होते. इथे हनुवटी स्वच्छ होती.

"तू कोण आहेस?" त्यांनी विचारलं.

"मोजणी करणार," ती म्हणाली. "हजर."

"माझी पोरगी कुठे आहे?"

याला रकाना नव्हता.

फोन वाजला. बायको होती. "अहो, मी उद्याच येतेय. भाऊ म्हणाला, आता आम्ही सांभाळू. आणि मला काही चैन पडेना. पोरगी दोन दिवस फोन उचलत नाही. द्या बरं तिला आधी."

"बाहेर गेलीये," मोजणीदार म्हणाले. "येईल इतक्यात."

"तिला सांगा, आई सकाळी दहापर्यंत पोचतेय."

त्यांनी फोन ठेवला. वर जायचा रस्ता दीड तासाचा होता. आत्ता निघालं तर उजेड असताना पोचता येणार होतं. कोरा फॉर्म अजून खिशात होता. वर ती ओरडत होती, चार दिवस, उपाशी, आणि तिला एक माणूस हवा होता. हे त्यांना लख्ख कळत होतं. तो हातही तिथेच असणार, हेही कळत होतं. सकाळी जाऊ, ते म्हणाले. सकाळी चार माणसं घेऊन जाऊ, सगळं सांगून टाकू. पण उद्या दहाला तिची आई दारात उभी राहील, आणि ही अशी समोर बसलेली असेल.

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला. 'शेरा'मधल्या आडव्या रेघेवर त्यांनी लिहायला सुरुवात केली. चहा बिनसाखरेचा पिते. लिहिलं, आणि थोडासा चहा राहिलेला समोरचा कप तिनं बोटानं दूर सारला.

मोजणीदारांच्या अंगावर काटा आला, पण त्यात थोडा धीरही होता. होतंय की. त्यांनी पुढे लिहिलं: वाद घालते. ती लगेच म्हणाली, "कशावरून?"

त्यांना सांगता आलं नाही. कशावर चिडते, कशाला हसते, मैत्रीण कोण, रात्री दार लावून कुणाशी बोलते. पेन कागदावर टेकून ते आठवत राहिले. पंधराव्या वर्षापर्यंतची पोरगी थोडीफार आठवत होती. पुढची अकरा वर्षं 'उंच झालीस'च्या पलीकडे काही सापडेना. बायकोला फोन करून विचारता आलं असतं. पण ती म्हणाली असती, समोर आहे ना, बघा की.

निदान हनुवटी. ती तर त्यांनी स्वतः रुमालानं दाबून धरली होती. रक्त शर्टाला लागलं होतं. डाव्या बाजूला की उजव्या? ते डोळे मिटून बसले. पायरी दिसली, रुमाल दिसला, डॉक्टरांचं टेबल दिसलं. चेहरा दिसेना.

हनुवटीवर खोक, त्यांनी लिहिलं. तीन टाके. मग थोडं थांबून, नीट अक्षरात: अंदाजे डावीकडे.

कातडी फाटल्याचा बारीक आवाज झाला. मोजणीदारांनी वर पाहिलं. डावीकडे खोक होती, ताजी, ओली, तीन टाके घातलेली. रक्ताचा एक थेंब ओघळून टेबलावर पडला आणि ती पहिल्यांदाच हसली. बरोबर आलं, असं सांगितल्यासारखी.

त्या क्षणी त्यांना आठवलं. उजवीकडे होती.

बाहेर उजेड उतरायला लागला होता. खाडाखोड करायला जागा नव्हती. ती त्यांच्याकडे बघत होती, पुढचं ऐकायला आतुर. मोजणीदारांनी पेन झटकलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली.